वाळल्या फांदीची साक्ष

आमच्या रामदासपेठेत घरे उठण्यापूर्वी कोणते गवत उगवत असे? आठवणींवर याचा निवाडा होत नाही, पुरावा लागतो. जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, कोपऱ्यात स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव, हा तो पुरावा. अशा कागदांच्या संग्रहास हर्बेरियम म्हणतात.

याबाबत आम्ही वैदर्भीय मागे राहिलो, ते राजकीय सीमांमुळे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. नागपूर मध्यप्रांतात, म्हणून त्याबाहेर राहिले. १९१६ साली हेन्स व विट यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या याद्या केल्या, त्यांत भर झाडाझुडपांवर होता. १९५५ साली पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ निघाले. पुढच्याच वर्षी विदर्भ मुंबई राज्यात आला. तरी नागपूर जिल्ह्याचा उगेमुगेकृत वनस्पतिग्रंथ निघण्यास १९८६ साल उजाडले.

ग्रंथातील नावाबद्दल शंका आली, तर कागद काढून फांदी पुन्हा तपासता येते. त्या कागदाला कसर लागली, की वादी आणि साक्षीदार दोघेही गेले. गावाची कागदपत्रे आपण जपतो. गावाच्या गवताचीही जपली पाहिजेत.