चुन्याची घाणी : गडांचे दगड कशाने सांधले?

१/ महाराष्ट्रातील अनेक गडांवर दगडांनी बांधलेला एक गोलाकार चर आढळतो. काही ठिकाणी त्याच्याजवळ जाडजूड दगडी चाकही पडलेले असते. हीच चुन्याची घाणी. पाहणाऱ्याची नजर बुरूज-तटबंदीवर खिळते. पण त्यांचे चिरे ज्या द्रव्याने सांधले, ते येथे तयार होत असे.

२/ सह्याद्री हा काळ्या बेसाल्टचा मुलूख. चुनखडीचे मोठे थर येथे नाहीत. म्हणून देशावर जमिनीत आणि ओढ्याकाठी मिळणारे चुनखडीचे खडे वेचले जात, तर किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना केला जाई. मुंबईतील ‘चुनाभट्टी’ हे नाव याच उद्योगाची खूण होय.

३/ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना उरतो. पाणी पडताच तो तापतो, फुलतो आणि विरतो. मग चुना, वाळू व विटांची भुकटी म्हणजे सुरखी चरात घालून बैलांकरवी दगडी चाक फिरवीत. त्यात गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणी मिसळण्याचीही रीत होती.

४/ भिंतीत गेलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीचेच रूप घेतो. या क्रियेला वर्षे लागतात. बारीक भेगांत झिरपणारे पाणी थोडा चुना विरघळवून तेथेच साठवते, त्यामुळे काही भेगा आपोआप बुजतात.

५/ १८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. गंमत अशी, की सिमेंटही चुनखडीचेच अपत्य. चुनखडी व चिकणमाती सुमारे १४५० अंशांवर भाजून ते बनते. ते लवकर घट्ट होते, त्यामुळे घाणी ओस पडल्या.

६/ मग गडाची डागडुजी सिमेंटने का करू नये? चुन्याचा सांधा सच्छिद्र असतो. पावसात मुरलेले पाणी त्यातून बाहेर पडते. सिमेंट ती वाट अडवते. पाणी आणि क्षार आत कोंडतात व जुना चुना आणि चिऱ्यांच्या कडा झिजतात. भिंत थोडी हलली, तर मऊ चुना ते सोसतो. ताठर सिमेंटमुळे मात्र दगडच तडकू शकतो.

७/ जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आणि जिंजी तमिळनाडूतील. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांत परस्पर बदल करू देत नाही. गडावर श्रमदानास जाणाऱ्या तरुणांनी झुडपे काढण्यापूर्वीही पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यावी, आणि सिमेंटचे पोते मात्र पायथ्यालाच ठेवावे. वाटेत घाणी दिसली, तर तिच्यातील दगड हलवू नयेत. तटबंदीइतकीच तीही इतिहासाची साक्षीदार आहे.