तहकुबी, सूट आणि चार आण्यांचे पीक

शेतसाऱ्याच्या जुन्या कागदांत ‘तहकुबी’ आणि ‘सूट’ हे दोन शब्द बहुधा जोडीने येतात, आणि ऐकणाऱ्यास ते एकच वाटतात. ते एक नव्हेत. तहकुबी म्हणजे यंदाचा सारा यंदा मागावयाचा नाही, पुढे पीक आले की मागावयाचा. सूट म्हणजे तो कायमचा सोडावयाचा. तहकुबी मिळालेल्या घराचे देणे उभेच राही.

आम्ही कामगारांत वावरणारे; आमचा शेतसाऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. गिरणगावातून रत्नागिरी-साताऱ्याकडे ज्या मनिऑर्डरी जात त्यांत घरखर्चाबरोबर खोताच्या देण्याचे किंवा सरकारी साऱ्याचेही पैसे असत. गावी सारा तहकूब झाला की नाही, याचा परिणाम परळच्या चाळीतल्या माणसाच्या जेवणावर होत असे. तेवढा संबंध आम्हांस पुरेसा वाटतो.

मुंबई इलाख्यातील सारापद्धतीचा पाया इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घातला. जमिनीची प्रत पाहून दर ठरवावयाचा आणि तो तीस वर्षे बदलावयाचा नाही. दर बेताचा आहे, तेव्हा चांगल्या सालची शिल्लक वाईट साली उपयोगी पडेल व रयत दरसाल सारा भरील, असा हिशेब. हिशेब कागदावर बिनतोड आहे. पण शिल्लक टाकावयास आधी जुने कर्ज फिटलेले असावे लागते, आणि दख्खनच्या रयतेचे ते कधी फिटत नसे. हप्त्याची तारीख आली की धान्य पडेल भावाने विकावयाचे, नाही तर सावकाराचे दार गाठावयाचे. १८७५ साली सुपे गावात रयतेने सावकारांच्या वह्या जाळल्या त्यामागे साऱ्याचा हा पक्का तगादाही होता.

पुढे दुष्काळ आयोग बसले, दुष्काळसंहिता झाल्या. पीक बुडाल्यास सारा तहकूब करावा, कामे काढावीत, अशी कलमे त्यांत आली. पण ती वाचणार कोण? १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे काम केले त्याचे महत्त्व आम्हांस येथेच दिसते. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सभेचे प्रचारक गावोगाव गेले. त्यांनी नवे काही मागितले नाही. सरकारचीच संहिता मराठीत समजावून सांगितली आणि पीक नसेल तर गुरे विकून, कर्ज काढून सारा भरू नका असे बजावले. सरकारने काही प्रचारकांवर खटले भरले आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली. स्वतःचा कायदा लोकांना वाचून दाखविला म्हणून सरकार रागावते, ही गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला मुळीच नवीन वाटणार नाही.

१९०१ च्या आयोगाने तहकुबी द्यावयाची तर ती वेळेवर जाहीर करावी असा आग्रह धरला, आणि नंतर मुंबई इलाख्यात पात्रतेचा नियम निश्चित झाला. त्याचे माप म्हणजे आणेवारी. सर्वसाधारण चांगले पीक म्हणजे सोळा आणे. एखाद्या शिवारात एकरी आठ मण बाजरी यावयाची तेथे यंदा दोनच मण आली, तर पीक चार आणे झाले. चार आण्यांपर्यंत पीक असेल तर सारा पूर्ण तहकूब, चार ते सहा आण्यांमध्ये असेल तर अर्धा. चौकशी घराघराची नव्हे, मुलखाची. त्यामुळे पाच आण्यांच्या गावात ज्याच्या शेतात काडीही उगवली नाही त्याला अर्धा सारा भरावाच लागे, आणि चार आण्यांच्या गावात विहिरीवर ऊस काढणाराही मोकळा सुटू शके. सगळी गोम सोळा आणे कशाला म्हणावयाचे आणि आलेले पीक कोणाच्या नजरेने मोजावयाचे यात होती. नजर बहुधा तलाठ्याची, आणि तलाठ्यावर नजर मामलेदाराची.

१९१७ साली अतिवृष्टीने गुजरातेत खेडा जिल्ह्याचे पीक गेले तेव्हा भांडण नेमके या मापावर आले. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी आकडा म्हणे वर आहे. भारत सेवक समाजातर्फे चौकशीस गेलेल्या मंडळींत ना. म. जोशी होते, ज्यांचे नाव पुढे १९२० पासून कामगार संघटनेशी कायमचे जोडले गेले. सरकारची भूमिका अशी की, तहकुबी ही मेहेरबानी आहे, हक्क नव्हे. २२ मार्च १९१८ रोजी नडियादला गांधीजींनी सत्याग्रह सुरू केला. त्या प्रतिज्ञेतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्यांची ऐपत होती त्यांनीही सारा भरावयाचा नाही असे ठरले. कारण त्यांनी भरला तर गरीब घाबरतील आणि गुरे विकून किंवा कर्ज काढून भरतील. आमच्या भाषेत, कायम कामगार बदलीवाल्यासाठी थांबला. जप्त्या झाल्या, चौथाई दंड बसले. जूनमध्ये मामलेदाराने सांगितले की सधन लोक भरतील तर गरिबांचा सारा तहकूब होईल. पण तोवर बराचसा सारा वसूल झाला होता, आणि गरीब कोण हे ठरविणे गरिबांच्या हाती राहिले नाही. स्वतः गांधीजींना हा शेवट गोड वाटला नाही, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

खातेदाराचे झाले; पण कुळाचे काय? सारा तहकूब झाला तरी खंड वसूल होई, म्हणजे सरकारने सोडलेला पैसा मालकाच्या घरात राही. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्यातील तेराव्या कलमाने हे दार बंद केले: सारा जितका तहकूब किंवा माफ होईल त्या प्रमाणात मालकाने कुळाचा खंडही तहकूब किंवा माफ केला पाहिजे. कलम चार ओळींचे, पण त्याची माहिती असलेले कूळ आणि नसलेले कूळ यांच्या घरी त्या साली बियाण्याची कणगी सारखी राहिली नसेल.

१९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईचे ठरू लागले. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळसंहितेनंतर पाऊस, जमिनीतील ओल, पेरणी, पिकाची स्थिती हे निकष पुढे आले. शेतसारा स्वतः आता इतका किरकोळ झाला आहे की त्याची सूट कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु त्याच जाहीरनाम्यात तिच्यामागून इतर सवलती येतात: कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी. ज्यांची मुले शहरात शिकतात आणि घर गावी आहे, अशी कुटुंबे या सभागृहातही असतील. आपले गाव यादीत आहे का, हे तहसील कचेरीत विचारावे, आणि असेल तर शुल्काची पावती जपून ठेवून महाविद्यालयाच्या कारकुनापाशी अर्ज द्यावा.