तुंबाडचे कागद

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, जगबुडीच्या खोऱ्यात, तुंबाड नावाचे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही द्विखंडी कादंबरी १९८७ साली आली. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. नाव एकच असल्यामुळे गाव, कादंबरी आणि चित्रपट एकाच कुळातले असणार असा समज सहज होतो. चित्रपटाची गोष्ट ही तुंबाडची जुनी दंतकथा आहे, असेही कुणी ठामपणे सांगते. छापील पुरावा मात्र वेगळ्याच वाटेने नेतो.

आधी बर्वे यांची साक्ष. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना मराठी भयकथाकार नारायण धारपांची एक कथा ऐकवली, तिथून हे सगळे सुरू झाले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. मूळ कथा होती धारपांची ‘आजी’, आणि नाव उचलले पेंडशांच्या कादंबरीवरून. आठवणीवर इतिहास उभारताना जपून राहावे लागते. पण इथे आठवणीला दुजोरा देणारा एक पुरावा खुद्द चित्रपटातच आहे.

चित्रपटाचा पहिला भाग १९१८ सालचा. दोन लहान भाऊ, त्यांची आई, आणि घरात साखळदंडाने जखडलेली एक भयाण म्हातारी. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन उपचारासाठी निघते आणि थोरला विनायक त्या म्हातारीपाशी एकटा उरतो. ती अंगावर आली की कोणते नाव घ्यायचे ते आईने शिकवून ठेवलेले असते: हस्तर. ते नाव ऐकताच म्हातारी झोपी जाते.

आता स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा पाहा. ती १९८४ साली ‘वीअर्डबुक’ या नियतकालिकात आली आणि पुढच्याच वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात गेली. अमेरिकेतल्या मेन राज्यातले खेडेगाव. दोन भाऊ, त्यांची आई आणि अंथरुणाला खिळलेली चेटकीण आजी. थोरल्याचा पाय मोडतो, आई इस्पितळात धावते, धाकटा जॉर्ज आजीपाशी एकटा राहतो. आजी मरते आणि मेल्यावर उठते. तेव्हा मावशी फोनवरून जॉर्जला सांगते की, हॅस्टरच्या नावाने तिला आडवी हो म्हण. जखमी भाऊ, दूर गेलेली आई, एकटा मुलगा, म्हातारी आणि तिला निजवणारे ते नाव, असे पाच दुवे जुळल्यावर योगायोगाला जागा राहत नाही. धारपांनी किंगच्या कथांना मराठी रूप दिले हे त्यांच्या वाचकांना नवे नाही. ‘लुचाई’ ही कादंबरीही किंगच्याच ‘सालेम्स लॉट’वरून उतरलेली. तेव्हा वंशावळ अशी लागते: किंगची ‘ग्रॅमा’, धारपांची ‘आजी’, बर्वे यांचा ‘तुंबाड’. मूळ इंग्रजी कथा १९८४ ची आणि नागझिऱ्याची रात्र १९९३ ची. मराठी ‘आजी’ या नऊ वर्षांच्या चौकटीत कुठे तरी बसते.

हॅस्टर हा किंगचाही नव्हे. अँब्रोज बिअर्सच्या १८९१ च्या एका कथेत तो मेंढपाळांचा देव आहे, आणि बराच सालस आहे. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ‘द किंग इन यलो’मध्ये ते नाव घेतले आणि त्यावर गूढ धुके पसरवले. एच. पी. लव्हक्राफ्टने १९३१ साली एका कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला. त्याला अक्राळविक्राळ प्राचीन दैवत केले ते लव्हक्राफ्टचा शिष्य ऑगस्ट डर्लेथ याने. पुढे हे सगळे कुटुंब भयकथांतून कॉमिक्सच्या पानांवर उतरले. अॅलन मूरच्या ‘निओनोमिकॉन’ आणि ‘प्रॉव्हिडन्स’ या काळ्याकुट्ट चित्रमालिका त्याच घराण्यातल्या. ‘ग्रॅमा’वर १९८६ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ मालिकेचा एक भाग निघाला, त्याची पटकथा हार्लन एलिसनची, आणि २०१४ मध्ये ‘मर्सी’ नावाचा चित्रपट झाला. म्हणजे ‘तुंबाड’ हे त्या कथेचे पहिले रूपांतर नाही. माझ्या मते सर्वांत स्वतंत्र मात्र तेच.

कारण उसनवारी पहिल्या भागात संपते. किंगच्या कथेत मुलगा वाचत नाही. आजीच त्याच्यात शिरते. इथे विनायक वाचतो आणि त्याला वाड्यातल्या खजिन्याचा ध्यास लागतो. त्यानंतरचे १९३३ आणि १९४७ चे भाग बर्वे आणि त्यांच्या सहलेखकांचे आहेत: समृद्धीच्या देवीचे उदर, तिचा पहिला लेक हस्तर, त्याला सोने मिळाले पण धान्य नाही, म्हणून त्याला भुलवायला कणकेची बाहुली. हे काही अमेरिकेतून आलेले नाही. बर्वे यांनी सगळा चित्रपट आधी सुमारे सातशे पानांच्या स्टोरीबोर्डात रेखाटला होता. एक जाडजूड कॉमिक पुस्तकच म्हणायचे, फक्त ते वाचकांसाठी नव्हते. २००८ मध्ये नवाजुद्दीन सिद्दीकी यांना घेऊन सुरू झालेला पहिला प्रयत्न निर्मात्याने माघार घेतल्यामुळे बंद पडला. अभिनेते-निर्माते सोहम शाह यांच्याबरोबर २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, ते पुरेसे वाटले नाही, पुन्हा करावे लागले आणि २०१५ पर्यंत चालले. पडद्यावरचा वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा.

मग रत्नागिरीच्या वाट्याला काय आले? नाव आणि पाऊस. आणि ज्या कादंबरीवरून नाव घेतले तिचा गाभा नेमका वगळला गेला. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. जगबुडीकाठच्या खोतांच्या चार पिढ्या त्यांनी उभ्या केल्या. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वंशपरंपरागत वसुलीदार. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क लिहून ठेवले. अर्धेल, तिर्धेल म्हणजे पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा त्याच्या घरी जाई, शिवाय वेठ वेगळी. त्याची श्रीमंती खंडीच्या मापात, भाताच्या कोठारात असे. हस्तरकडे सोने आहे आणि धान्य नाही. खोताकडे धान्य होते आणि तेच कुळाकडे नव्हते. चित्रपटाने हा धागा हाती घेतला असता तर भय आणखी गडद झाले असते, असे मला वाटते.

तारखाही बोलतात. चित्रपटाचा दुसरा भाग १९३३ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेते न कसण्याचा संप सुरू केला आणि तो १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्या वर्षांत विनायकराव पुण्याहून तुंबाडला ये-जा करून एकेक मोहोर आणत असतो. या गदारोळाचा आवाज त्याच्या वाड्यात पोचत नाही. तिसऱ्या भागात, स्वातंत्र्यानंतर, वाडा सरकारजमा होणार अशी बातमी येते. कागदोपत्री कोकणातली खोती गेली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. चित्रपट इतिहासाच्या सर्वांत जवळ येतो तो याच जागी, आणि तिथेही खोत हा शब्द उच्चारत नाही.

‘तुंबाड’ने २०१८ च्या व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन केले, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखनाची फिल्मफेअर पारितोषिके मिळवली, पण तिकीटबारीवर पहिल्या खेपेला बेताचेच यश मिळाले. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त गल्ला जमला आणि दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. आता त्याच्या जन्माच्या कथा आणखी वाढतील. धारप (१९२५–२००८) हा चित्रपट पाहायला राहिले नाहीत, पेंडसे त्यांच्याही आधी, २००७ मध्ये गेले.

धारपांची पुस्तके मुख्यतः फिरत्या आणि गावोगावच्या वाचनालयांतून वाचली गेली. हातोहात फाटली, कव्हरे गेली, रद्दीत निघाली. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. अशा संस्थांनी आणि घराघरांतल्या वाचकांनी धारपांची जुनी प्रत टाकण्याआधी तिचे मुद्रणपृष्ठ तरी जपून ठेवावे. कोणती कथा कोणत्या साली छापली गेली, हे तिथेच लिहिलेले असते.