दिनविशेष : २९ जुलै - अनवाणी पायांचा विजय

१९११ : कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून फुटबॉलची आयएफए शील्ड जिंकली. १८९३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत भारतीय संघ प्रथमच विजेता ठरला. बागानच्या अकरा जणांपैकी बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात. बाकीचे दहा जण अनवाणी. समोर बूट घातलेले गोरे सैनिक.

उपांत्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी आधी १-१ बरोबरी झाली आणि फेरसामना बागानने ३-० असा मारला. अंतिम सामन्यात पहिला गोल जॅक्सनच्या फ्री किकवर इंग्रजांचा. थोड्याच वेळात कर्णधार शिबदास भादुरींनी बरोबरी साधली आणि सामना संपता संपता अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. मागे पडूनही संघ डगमगला नाही, हे मला बुटांच्या गोष्टीइतकेच मोठे वाटते. मैदानाबाहेरच्या गर्दीला गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले, असे सांगतात.

१९०५ च्या फाळणीने दुखावलेल्या बंगालला हा विजय केवळ खेळातला वाटणे शक्यच नव्हते. १९११ च्याच डिसेंबरात दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली; त्याची कारणे अर्थातच राजकीय होती.

मोहन बागानचे चाहते आजही २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा करतात. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर नाव कोरायला मात्र क्लबला १९५५ साल उजाडावे लागले.