दगडाची जात

नेसरीची खिंड म्हटली की प्रतापराव गुजर आणि १६७४ साल आठवते. पायाखालच्या दगडाचा इतिहास मात्र कुणी विचारीत नाही! विद्यार्थी मित्रहो, आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो भूपृष्ठावर लवकर निवाला म्हणून कण बारीक. भूगर्भात सावकाश निवालेल्या ग्रॅनाइटचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. भूशास्त्रज्ञ प्रथम हेच पाहतात.

तांबडा जांभा निराळा. पावसाने मूळ खडकातील सिलिका धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०० साली मलबारात त्याच्या विटा कापताना पाहिल्या आणि १८०७ मध्ये लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव छापले. खाणीतला मऊ चिरा हवेत कठीण होतो, हे तेथील कामगारांना त्यापूर्वीच ठाऊक होते.