विनावेतन संग्रहसेवेची महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात वस्तुसंग्रहालयासाठी पगार न घेता राबण्याची प्रथा संग्रहालयांइतकीच जुनी आहे. मुंबईत भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली खुले झाले. पण त्यामागची खटपट पंधरा वर्षे आधीची होती आणि ती करणाऱ्यांत वैद्यकीचा व्यवसाय सांभाळणारे भाऊ दाजी, व्यापारी जगन्नाथ शंकरशेट आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे जॉर्ज बर्डवूड अशी मंडळी होती. वर्गणी जमवणे आणि समित्या चालवणे हे या सेवेचे मुख्य रूप होते. तीत शहराविषयीचा अभिमान होता, तशी प्रतिष्ठेची ओढही होती. मात्र अशी सेवा सधन आणि इंग्रजी जाणणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर सहसा गेली नाही.

सामान्य मिळकतीचा शिक्षक, वकील किंवा कारकून या कामाकडे वळला तो पुण्यात, आणि त्याचे कारण राजकीय होते. पेशवे दप्तर, म्हणजे मराठी राज्याच्या कारभाराचे अस्सल कागद, इंग्रज सरकारच्या ताब्यात होते व अभ्यासकांना ते मोकळे नव्हते. त्यामुळे मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्याच कागदांवरून लिहायचा, तर ते कागद सरदार, देशमुख व कुलकर्णी यांच्या घरांतून आणि मठांतून मिळवण्यावाचून गत्यंतर नव्हते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून हेच केले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. हे काम एका माणसाच्या आयुष्यात उरकणारे नाही, हे ओळखून त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.

मंडळातील प्रत्यक्ष काम कसे चाले हे पाहिल्याखेरीज तेथे माणसे का टिकली याचा उलगडा होत नाही. एखाद्या घराण्याकडून आलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की आधी धूळ व कसर झटकावी लागे, घड्या न फाटता उलगडाव्या लागत, आणि मग मोडी वाचनाला आरंभ होई. मोडी ही बोरूने भरभर लिहिण्याची लिपी. तीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत व दोन शब्दांत अंतर सोडत नसत, म्हणून एक शब्द कोठे संपला हे अर्थावरूनच ठरवावे लागे. तारखेच्या जागी ‘छ’ या खुणेपुढे चंद्राची तिथी, मग सफर किंवा रजब असा मुसलमानी महिना आणि अरबी शब्दांत सांगितलेला सुहूर सन असे. जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांची सांगड घालणारे कोष्टक, उघडून त्याचा शक व इसवी सन काढावा लागे. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे शकवार घटनांची टिपणे, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली मंडळाद्वारे प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा सारा वाद नव्याने उभा राहिला. घरच्या दप्तरातील चार पाने एवढा फरक पाडू शकतात, हे ज्याने पाहिले तो पुढचा रुमाल सोडायला आपणहून येई.

या कामात शिकणे आणि देणे वेगळे राहत नव्हते, आणि सेवकांना धरून ठेवणारे खरे बळ तेच होते. दत्तो वामन पोतदार यांनी अध्यापन सांभाळून दीर्घकाळ मंडळाचे चिटणीसपद वाहिले. विद्यापीठाची पदवी नसलेले ग. ह. खरे फारसी, ताम्रपट, नाणी आणि मूर्तिशास्त्र यांत अधिकारी झाले ते मंडळाच्या संग्रहात आयुष्य घालवून. राष्ट्राभिमान माणसाला दारापर्यंत आणतो. वर्षानुवर्षे बसवून ठेवते ती विद्या.

भक्तीचीही प्रेरणा होती. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या मठांतील बाडे, म्हणजे हस्तलिखितांच्या वह्या, जमवली, ती उपासनेच्या निष्ठेने.

अशा संस्थांची दुबळी बाजूही याच स्वरूपातून आली. पगाराने बांधलेला माणूस मतभेद गिळून काम करतो, स्वखुशीने आलेला उठून जातो. खुद्द राजवाडेच मंडळापासून दुरावले आणि अखेरीस धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्यामागे उरलेल्या कागदांचा ढीग जपण्यासाठी तेथील चाहत्यांनी १९२७ च्या आरंभीच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले.

आज संग्रहालयांत स्वयंसेवकाला बहुधा पाहुण्यांना दालने दाखवण्याचे काम मिळते. ते उपयोगाचे आहे, पण पुण्याधुळ्याच्या संस्थांना माणसे लाभली ती मूळ वस्तू विश्वासाने हाती दिल्यामुळे. मोडीचे लक्षावधी कागद अद्याप वाचले गेलेले नाहीत आणि वाचणारे थोडे आहेत. ज्यांना सवड आहे त्यांनी ती लिपी शिकावी आणि संस्थांनी त्यांच्यापुढे रुमाल सोडावेत.