वाटाण्याएवढ्या ग्रंथीवरचा आरोप

प्रॉडक्शनवर काही फुटलं की पहिला आरोप कोणावर जातो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. लॉगमध्ये ज्याचं नाव लाल अक्षरात दिसतं त्याच्यावर. बिचारा डेटाबेस बोंबलत असतो की मेमरी संपली, आणि रात्री दोन वाजता कॉलवर सगळे त्यालाच धरतात. मेमरी कोणी खाल्ली ते शोधायला मग सकाळ उजाडते. गेले दोन-तीन वीकेंड मी वैद्यकाच्या इतिहासातली अशीच एक केस वाचतेय. फरक एवढाच की तिथला चुकीचा 'रूट कॉज' दोन-तीन दशकं टिकला, आणि सिस्टिमच्या जागी हाडामांसाच्या मुली होत्या.

सुरुवात लंडनमधून. १८७३ साली सर विल्यम गल यांनी काही तरुण मुलींच्या केसेस मांडल्या. मुली खात नाहीत, हाडांचा सापळा झाल्यात, पाळी बंद, अंग गार. एकीची नाडी मिनिटाला ५६. तरी दिवसभर पायाला भिंगरी, आणि विचारलं तर 'मला काही झालेलं नाही'. छाती-पोट तपासून काहीच सापडेना. गल यांनी या आजाराला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' नाव दिलं, म्हणजे मूळ मनात. उपाय साधा: ऊब आणि ठरावीक वेळाने अन्न. (अशा पेशंटच्या सेवेला नातेवाईक ठेवू नयेत, असंही साहेबांचं मत होतं!) त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनीही हेच चित्र स्वतंत्रपणे रेखाटलं.

आता सीन बदला. १९१४, हॅम्बुर्ग. मॉरिस सिमंड्स नावाच्या पॅथॉलॉजिस्टकडे एका बाईचं शवविच्छेदन आलं. बाळंतपणानंतर तापाने फणफणली होती, त्यानंतर पाळी गेली, शक्ती गेली, आणि कित्येक वर्षं तशीच काढून ती वारली. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी, जेमतेम वाटाण्याएवढी ग्रंथी, तिच्यात पार सुकून गेली होती. निरीक्षण अगदी खरं. पण त्यावरून पुढे जे झालं ते वाचून मला आमच्या मीटिंगा आठवल्या.

काळच असा होता, की 'हॉर्मोन' हा शब्दसुद्धा १९०५चा. १९२१-२२ मध्ये इन्शुलिन आलं आणि मरणाच्या दारातली मुलं ग्रंथीच्या अर्काच्या सुईने उठून बसली. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर कुठल्या डॉक्टरला वाटणार नाही, की प्रत्येक आजारामागे एखादी आळशी ग्रंथी आहे? मग हडकुळी, पाळी बंद झालेली, थंडगार पडलेली मुलगी दिसली की शिक्का तयार: 'सिमंड्सचा आजार'. तिला पिट्यूटरीचे अर्क टोचले गेले, काही ठिकाणी तर जनावरांच्या पिट्यूटरीचे तुकडे शरीरात बसवले गेले. दवाखान्यात पडून वेळेवर चार घास पोटात गेल्यामुळे जी सुधारली असेल, तिचंही श्रेय अर्काला. गल विस्मरणातच गेले म्हणा ना.

कोडं सोडवलं ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी. प्रसूतिगृहातला पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पिट्यूटरी मेलेल्या बायका त्याने ढिगाने पाहिल्या होत्या. १९३७ आणि १९३९चे त्याचे पेपर, आणि मग १९४९ मध्ये समर्ससोबत जुन्या केसेसची केलेली झाडाझडती. निष्कर्ष असा, की ज्यांची पिट्यूटरी खरोखर गेलेली असते त्या बायका सहसा हडकुळ्या नसतातच! त्या सुस्त असतात, बाळंतपणानंतर दूध येत नाही, काखेतले केस झडतात. उपाशी मुली मात्र धावतपळत असतात आणि त्यांच्या अंगावर उलट बारीक लव येते. (शीहानचा आजार आपल्याकडे अजूनही दिसतो, कारण बाळंतपणातला रक्तस्राव अजूनही होतो.)

दरम्यान अमेरिकेत वेगळाच पुरावा तयार झाला होता. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट पुरुषांना, सगळे युद्धाला नकार देणारे स्वयंसेवक, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पावपट उतरलं, नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, कामेच्छा गेली, आणि डोक्यात सतत अन्न. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. या पुरुषांच्या ग्रंथींना काय झालं होतं? काही नाही. पोटात अन्न नव्हतं.

रक्तातले हॉर्मोन नेमके मोजता येऊ लागल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. १९७४ मध्ये दिसलं, की या आजारातल्या तरुणींमध्ये पिट्यूटरीतून पाळीचे इशारे वयात न आलेल्या मुलीसारखे येतात. म्हणजे शरीर जुन्या व्हर्जनवर परत गेलेलं. आणि कॉर्टिसॉल, ताणाचं हॉर्मोन? पिट्यूटरी मेली तर ते खाली यायला हवं. इथे ते चढलेलं! १९८१ मध्ये या साखळीच्या वरच्या टोकाचा इशारा, सीआरएच, ओळखता आला. १९८६च्या एका अमेरिकन अभ्यासात तो उपाशी पेशंटना टोचला, तर पिट्यूटरीने थोडाच प्रतिसाद दिला. गीझरचं पाणी आधीच कडक तापलेलं असेल तर थर्मोस्टॅट जसा गप्प बसतो, तसा. म्हणजे ग्रंथी शाबूत होती. ढोल वरून, हायपोथॅलॅमसकडून, बडवला जात होता. वजन भरल्यावर कॉर्टिसॉल लवकर उतरलं, पण पिट्यूटरीचा प्रतिसाद पूर्ववत व्हायला कित्येक महिने गेले. तोवर चढलेलं कॉर्टिसॉल हाडं पोखरायला हातभार लावतं ते वेगळंच.

हे सगळं जुनं झालं असं मला वाटत नाही. हॉस्टेलवर आमच्या शेजारच्या खोलीतली एक मुलगी थर्ड इयरला अशीच वाळत गेली. रिपोर्टमध्ये टी-३ कमी आला तेव्हा तिच्या आईच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव होता: "थायरॉईडच निघालं एकदाचं, गोळी असते त्यावर." दुसऱ्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की काकू, उपाशी शरीर मुद्दाम टी-३ उतरवतं, खर्च वाचवायला. गोळी देऊन तो खर्च वाढवला तर हृदयावर येईल. काकूंना ते पटायला फार वेळ लागला. ग्रंथी बिघडली म्हटलं की कोणाचीच चूक नसते ना! मला त्यांचा राग नाही आला.

मात्र उपासाने सगळंच उलगडतं असंही नाही. मिनेसोटाचे ते पुरुष प्रयोग संपल्यावर जेवणावर तुटून पडले, या मुली समोर ताट असूनही जेवत नाहीत. २०१९च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात, जवळजवळ १७,००० पेशंटच्या, या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्याचं नातं मानसिक आजारांइतकंच चयापचयाशीही दिसलं. म्हणजे शरीराचं नाव आरोपपत्रातून पूर्ण गेलेलं नाही, फक्त वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं गेलंय. आणि पाळी बंद असणं ही निदानाची अट? ती अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकातून २०१३ मध्ये काढली. पुरुष पेशंटना ती अट लागूच होत नव्हती.